पहिल्यांदाच सूत्रधार होतोय, रविवारी चौघं घरी येणार आहेत

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री 10.20)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. पुण्यात कॉलेजला असताना मित्रांबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळलो, सात-आठ डाव झाले असतील. नोकरी लागून घरी परत आलो तर इथं खेळणारं कुणीच नाही, म्हणून आता मीच डाव मांडायचं ठरवलंय. रविवारी दुपारी चौघं येणार: मोठी बहीण, तिची एक मैत्रीण, माझा शाळेपासूनचा मित्र आणि मामेभाऊ. मामेभाऊ अकरावीला आहे, फार बोलत नाही, पण 'नक्की आहे ना?' म्हणून त्याचाच दोनदा फोन आला.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि एक जण गेम मास्टर, म्हणजे सूत्रधार, होतो. बाकीचं सगळं जग त्याच्याकडे. गावकरी, चोर, पाऊस, कुलूप, सगळं. आपलं पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा पडतो.

नियम पाचव्या आवृत्तीचे घेतोय. मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोफत आहे, त्यामुळे पुस्तकांचा खर्च नाही. फाशांचा एक संच मागवलाय, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंत सात फासे.

अडचण अशी की दोन आठवडे बसून मी 22 पानं लिहिलीत. राजा, त्याचा भाऊ, शाप, तीनशे वर्षांचा इतिहास. आणि कालपासून पोटात गोळा आलाय. मी लिहिलंय ते सोडून यांनी भलतंच काही केलं तर? मला आवाज बदलून बोलता येत नाही. ऐन वेळी नियम आठवला नाही तर? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, उरलेल्या दिवसांत काय करू?

वीसकोनी (सोमवार, रात्री 11.05)

22 पानं कपाटात ठेव. फाडू नकोस, पण रविवारी टेबलावर आणू नकोस.

माझ्या पहिल्या डावात खेळाडू गावात शिरायच्या आधी वेशीवरच्या म्हाताऱ्याशी बोलत बसले. पाऊण तास. माझ्या कागदावर तो 'वेशीवर एक म्हातारा' एवढाच होता. मी त्यांना तिथून उठवून गावात नेलं, कारण माझा राजा वाड्यात वाट बघत होता. डाव तिथंच निवला. त्यांना म्हातारा हवा होता आणि मी माझा राजा पुढं ढकलत होतो. पंधरा वर्षं झाली, अजून आठवतं.

हा खेळ 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्याचं मूळ सैन्याच्या बाहुल्या मांडून खेळायच्या युद्धखेळांत आहे. त्या खेळांत एक पंच असायचा. दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि काय घडलं ते सांगायचं, हे त्याचं काम. गेम मास्टर त्या पंचाच्या घराण्यातला आहे. तू लेखक होऊन बसलायस, म्हणून पोटात गोळा येतोय. लेखकाला पुढचं सगळं ठाऊक असावं लागतं, पंचाला नाही.

तेव्हा गोष्ट लिहू नकोस, पेच लिही. कुणाला काय हवंय, ते कुणामुळे अडलंय, आणि तुझी मंडळी तिथं पोचलीच नसती तर दोन-चार दिवसांत काय झालं असतं. एका पानात मावतं. त्याच्या मागच्या बाजूला दहा-बारा नावं लिहून ठेव, बाया-पुरुष मिळून. कुणी 'या नावाड्याचं नाव काय?' विचारलं की यादीतलं पहिलं नाव द्यायचं आणि त्यावर काट मारायची. नाव पटकन सांगितलंस की समोरच्याला तो माणूस खरा वाटतो.

आणखी एक. जी गोष्ट कळल्याशिवाय डाव पुढं सरकणार नाही, ती एकाच जागी ठेवू नकोस. निदान तीन वाटांनी कळली पाहिजे. तुला जे ढळढळीत दिसतंय ते त्यांना दिसत नाही, कारण ते तुझ्या डोक्यात बसलेले नाहीत.

भडंग_आणि_चहा (मंगळवार, सकाळी 7.50)

भावा, लई विचार करायलास. चौघंबी तुझ्या घरचीच हायत की. परीक्षा घ्यायला न्हाई येणार कोण.

माझ्याकडनं एकच. भडंग, चिवडा असलं काय ठेवशील ते मधल्या सुट्टीत दे. तेलकट हातानं पात्रांचे कागद पार वाया जातात, पेन्सिल उमटत न्हाई त्यावर. आणि कागदावर सगळं पेन्सिलनंच लिहायला सांग, आकडे सारखे बदलतात.

नाटकवेडी_मिरज (मंगळवार, दुपारी 1.15)

शीर्षकात तुम्ही 'सूत्रधार' लिहिलंत ते सहज लिहिलंत की ठरवून? कारण तो शब्द तुमच्या गावचाच आहे.

1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. त्या नाटकांत पद्यं सूत्रधार म्हणायचा, प्रसंग तोच बांधून द्यायचा, आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी करायची. लिहून दिलेले संवाद नसायचे. राम काय बोलेल ते राम करणारा उभ्या उभ्या ठरवायचा, आणि सूत्रधार शेवटपर्यंत रंगमंचावर हजर. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते आपण अभिमानानं सांगतो, दर 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो, पण तिथं सुरुवात या रीतीनं झाली हे फार कुणी बोलत नाही. तुम्ही रविवारी करणार आहात ते याच्या फार जवळचं आहे. त्यामुळे 'भलतंच केलं तर' याची भीती काढून टाका. पात्रांनी आयत्या वेळी बोलायचं, हाच तर खेळ.

आवाजाबद्दल. आवाज बदलायची गरज नाही. 'पाटील घसा खाकरतो आणि तुमच्याकडे न बघता म्हणतो' एवढं साध्या आवाजात सांगितलं तरी पाटील उभा राहतो. शिवाय मराठीत आपल्याकडे 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' आहे. एकच अडत्या हमालाला 'ए, इकडं ये', पाटलाला 'तुम्ही बसा' आणि इनामदाराला 'आपण कशाला त्रास घेतलात' म्हणाला, की तो कुणाला धरून आहे आणि कुणाला घाबरतो ते न सांगता कळतं. रविवारी हे करून बघा. आणि मराठीतच खेळा. 'इनिशिएटिव्ह', 'सेव्ह' वगैरे नियमांचे शब्द आहेत तसे राहू द्या, त्यांचं भाषांतर करत बसू नका, पण माणसं मराठीत बोलू द्या.

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री 9.40)

ताई, शब्द सहज लिहिला होता. हे वाचून अंगावर काटा आला. खूप आभार.

वीसकोनी दादा, राजा आणि शाप बाजूला ठेवले. आज कामावरून येताना जवळच्या हरिपूरला संगमेश्वराच्या देवळाकडे जाऊन आलो. तिथं बसल्या बसल्या सुचलं की आपल्याकडे भुयार शोधायला लांब कशाला जायचं, हळदीची पेवं आहेत की! जमिनीखालचं अंधारं कोठार, वर अरुंद तोंड, आत लाखमोलाचा माल. पेच असा: जुना काळ, एका अडत्याची हळद पेवातून चोरीला जातेय, तोंडावरचं लिंपण मात्र जसंच्या तसं. राखणदारावर आळ आलाय. खरं म्हणजे चोरांनी नदीच्या बाजूनं भुयार खणलंय. खेळाडू आलेच नाहीत तर राखणदाराला गाव सोडावं लागेल आणि चोर शेवटची खेप नावेतून घेऊन जातील.

हे चालेल का? पेवाबद्दल मला ऐकीव माहितीच आहे, आत कधी बघितलं नाही.

हरिपूरची_लेक (बुधवार, सकाळी 11.30)

माझं माहेर हरिपूर. खेळ मला नवा आहे पण पेव मी लहानपणी बघितलंय, म्हणून लिहिते.

पेवाचं तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढंच असतं आणि आत ते मोठ्या रांजणासारखं फुगत जातं. आमच्याकडची माती अशी आहे की पाणी सहसा झिरपत नाही, म्हणून पेवं इथंच झाली. आत पाला अंथरून हळद भरतात, तोंड बंद करून वरून माती लिंपतात. मग ती वर्षानुवर्षं किडीशिवाय राहते. 2005 च्या आणि पुन्हा 2019 च्या पुरात बरीच पेवं गेली, आता थोडी राहिलीत.

तुमच्या खेळाला उपयोगी पडेल असं एक सांगते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. बंद पेवात हवा कोंडलेली असते, प्राणवायू नसतो. काही तास तोंड उघडं ठेवतात, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर थांबायचं. आम्ही पोरं लांब उभी राहून तो कंदील खाली जाताना बघायचो. मोठी माणसंसुद्धा त्या वेळी बोलायची नाहीत. तोंडातून वर येणारा तो कोंदट हळदीचा वास मला आजही आठवतो.

वीसकोनी (बुधवार, दुपारी 2.10)

ताई, तुम्ही एका परिच्छेदात अर्धा डाव मांडून दिलात.

कृष्णाकाठ, आता नीट ऐक. कंदील सोडला की त्यावर फासा टाकायला लावू नकोस. माहिती फुकट दे. 'कंदील विझला' एवढं सांग आणि थांब. थांबायचं म्हणजे खरोखर थांबायचं, पुढं काही बोलायचं नाही. मग विचार, 'काय करताय?' नवीन गेम मास्टर शांततेला घाबरतो आणि स्वतःच उपाय सुचवून टाकतो. ती शांतता म्हणजे त्यांची डोकी चालत असतात.

आता इथं खरा पेच पडतो. हवा यायची वाट बघितली तर चोर पळतात, लगेच उतरलं तर जीव गुदमरतो. फासा इथं, कारण दोन्हीकडून काहीतरी जातंय. नुसतं दार उघडायला, जिना चढायला फासा नको. फसलं तरी काही बिघडत नाही तिथं फासा टाकला की लोकांचं लक्ष उडतं.

आकडे सांगतो. वीस बाजूंचा फासा अधिक पात्राचा बोनस मिळून ठरलेला आकडा गाठायचा: सोपं 10, मध्यम 15, अवघड 20, एवढं पाठ असलं की रविवार निघतो. उतरणाऱ्याला कॉन्स्टिट्यूशनची सेव्ह, म्हणजे अंगातल्या काटकपणावर निभावून जायचा फासा, 15 ची दे. त्याचा बोनस दोन असेल तर 13 किंवा वर पडायला हवं, म्हणजे 40 टक्के. आणि कुणी डोकं लढवून हवा आत ढकलायचा उपाय काढला, तर ॲडव्हांटेज दे: दोन फासे टाकायचे, मोठा धरायचा. तेच 40 टक्के 64 वर जातात. चांगल्या कल्पनेला बक्षीस कसं द्यायचं याचं पाचव्या आवृत्तीतलं हे सगळ्यात सोपं साधन आहे.

सेव्ह चुकली तर मारू नकोस. बेशुद्ध पडून दोरीला लोंबकळला, वर ओढावा लागला, दिवा गेला, आवाज झाला, चोर सावध झाले. अपयशानं डाव थांबू नये, नवीन अडचणीकडे वळावा.

मारामारीचं बघून कर. पहिल्या पातळीची पात्रं काचेची असतात. नियमांतल्या गॉब्लिनचा (बुटका, दुष्ट राक्षस) मार प्रत्येकी सरासरी साडेपाच, आणि जादूगाराचे जीवबिंदू (ते संपले की पात्र आडवं) सहा-आठ. चार गॉब्लिन एकदम सोडलेस तर दुसऱ्या फेरीत कुणीतरी आडवं होणार. दोन-तीन चोर ठेव, नियमांतल्या बँडिटचे आकडे घे, 11 जीवबिंदू, चिलखत 12 (म्हणजे 12 गाठले तरच वार लागतो). अर्धे पडले की बाकीच्यांनी पळावं किंवा हात जोडावेत. चोराला हळद हवीय, मरायचं नाहीये त्याला.

कृष्णाकाठ (बुधवार, रात्री 10.00)

दादा, हे वहीत उतरवून घेतलं.

वेळ दाखवायला एक कल्पना आहे. नदीला पूर चढतोय असं ठेवतो. पुठ्ठ्यावर घाटाच्या दहा पायऱ्या काढायच्या, आणि मंडळींनी वेळ घालवला की एकेक पायरी निळ्या खडूनं रंगवायची. दहावी बुडाली की भुयारात पाणी. सांगलीकराला 'पाणी किती फुटावर आलं?' हे वेगळं समजवावं लागत नाही.

आमराई (गुरुवार, सकाळी 8.25)

पायऱ्यांची कल्पना छान आहे. पण आधी खेळाडूंना विचारा, एवढी विनंती.

ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी 40, धोका पातळी 45. आमच्या खालच्या मजल्यात छताला पाणी लागलं होतं. आम्ही गच्चीवर दोन रात्री काढल्या. त्यानंतर एका मित्राकडे आम्ही असाच एक खेळ खेळलो. खेळ घेणाऱ्यानं उत्साहात पुराचं वर्णन केलं, घरात शिरणारं पाणी, वाहून जाणारं जनावर. त्याला काही ठाऊक नव्हतं, त्याचा दोष नाही. मी मात्र उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि परत त्या डावाला गेलोच नाही. मला खेळ आवडला होता. दोन मिनिटं आधी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

वीसकोनी (गुरुवार, सकाळी 9.10)

आमराई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं.

कृष्णाकाठ, याला सेशन झीरो म्हणतात. डावाआधी बसून ठरवायचं: काय अजिबात नको, काय असलं तरी तपशील नको, खेळताना नको वाटलं तर कसं सांगायचं. चौघांना एकत्र विचारू नकोस, वेगवेगळा फोन कर. सगळ्यांसमोर 'मला चालेल' असंच म्हणतात लोक.

कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री 9.15)

चौघांनाही फोन केले. बहिणीची मैत्रीण नदीजवळच्या गावभागात राहते हे मला ठाऊक होतं, पण 2019 ला तिच्या घरात काय झालं ते मी कधी विचारलं नव्हतं. पंचवीस मिनिटं बोललो. तिनं सांगितलं, नदी चालेल, पायऱ्याही चालतील, पण घरात शिरलेलं पाणी नको आणि बुडणारं जनावर नको. लिहून घेतलं. मामेभाऊ म्हणाला, 'मला सगळ्यांसमोर ॲक्टिंग करायला लावू नकोस.' त्याला सांगितलं, 'माझं पात्र असं म्हणतं' एवढं बोललास तरी पुरे.

आमराई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी रविवारी तिच्यासमोर तेच केलं असतं.

कृष्णाकाठ (रविवार, रात्री 11.45)

झाला डाव. साडेचारला बसलो, आठला उठलो. झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहितो.

आधी बिघडलं ते. मारामारी सव्वा तास चालली. मित्राला चोराला मिठी मारून धरायचं होतं, त्याचा नियम मला सापडेना. दहा मिनिटं मी फोनमध्ये शोधत बसलो आणि बहीण उठून चहा टाकायला गेली. पाळी कुणाची ते मीच दोनदा विसरलो.

अडत्याचं जमलं. तो बहिणीच्या योद्ध्याला 'ए बाई' म्हणाला आणि मैत्रिणीच्या जादूगाराला 'आपण आत या'. बहीण ताडकन म्हणाली, 'हा मंत्राला घाबरतोय, याच्या मनात काहीतरी पाप आहे.' मी तसं काही लिहिलं नव्हतं. पण तिनं म्हटल्यावर मला तेच बरोबर वाटलं, आणि मी अडत्याला चोरांत सामील करून टाकला. कागदावर अडत्याच्या नावाशेजारी पटकन खूण केली.

मग पेव. खोलीतला दिवा बंद केला आणि फक्त देवघरातली समई ठेवली. 'दोरी खाली जातेय, कंदील लहान होत जातोय, आणि विझला.' आणि थांबलो. मनात पंधरापर्यंत मोजलं, जीव नुसता वरखाली. कुणी बोलेना. तेवढ्यात मामेभाऊ, ज्यानं तोवर दोन तासांत चार वाक्यं बोलली असतील, हळूच म्हणाला, 'किती खाली गेल्यावर विझला?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, 'दोन परस.' (म्हणजे साधारण दोन माणसांच्या उंचीएवढं.) तो म्हणाला, 'आणि पेव तीन परस आहे ना? मग वरच्या दोन परसांत हवा कुठून आली? आत्ताच तर उघडलंय. दुसरीकडून येत असणार.' आणि सगळे उठूनच उभे राहिले. पेवाला दुसरं तोंड आहे हे त्यांना नदीकाठची माती, राखणदार आणि चोरांची होडी या तीन वाटांनी कळावं अशी मी सोय केली होती. तिन्हींची गरजच पडली नाही. त्यानं चौथी शोधली.

पायऱ्या सहा बुडाल्या. सातवी रंगवायला खडू उचलला तेव्हा मैत्रिणीकडे बघितलं, तिनं मान हलवून 'कर' म्हटलं.

हरिपूरची_लेक (सोमवार, सकाळी 7.30)

'दोन परस' वाचून आमच्या आजोबांचा आवाज ऐकू आला. त्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा. कधी हरिपूरला आणा त्याला, अजून एक-दोन पेवं दाखवते.

वीसकोनी (सोमवार, सकाळी 9.00)

पंधरापर्यंत मोजलंस! शाबास.

नियम सापडेना तर एक मिनिटाच्या वर शोधू नको. 'आत्ता ताकदीवर फासा टाक, मोठा आकडा जिंकला, खरा नियम घरी बघून सांगतो' म्हण आणि पुढं चल. घरी मात्र खरोखर बघ आणि पुढच्या वेळी सांग. पाळीसाठी कपड्यांचे चिमटे घे, त्यावर नावं लिही आणि पुठ्ठ्याच्या कडेला ओळीनं लाव. कुणाची पाळी आणि पुढं कोण, दोन्ही सगळ्यांना दिसतं. 'आता तू, मग ताई तयार राहा' असं म्हणत गेलास तर निम्मा वेळ वाचेल.

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री 9.50)

चिमटे आईकडून मागून घेतले, सहा मिळाले. पुढचा डाव पुढच्या रविवारी. चोरांची नाव सुटलीय आणि मंडळींना तिच्या मागं संगमापर्यंत जायचंय. त्यांच्याकडे स्वतःची नाव नाही. नावेतला पाठलाग, प्रवाह, वल्ही, यासाठी वेगळे नियम तयार करू का? काल रात्री चार पानं लिहिली.

वीसकोनी (सोमवार, रात्री 10.05)

चार पानं कपाटात, त्या 22 वर. नाव कुणाची आहे आणि ती द्यायच्या बदल्यात त्याला काय हवंय, एवढं लिहून ये.